तांदळावरचा हात

कमरेला तांदूळ बांधलेला असला की बाईची चाल बदलते. हे मला कोणी शिकवलं नाही. गोंदियाच्या बाहेर एका राइस मिलच्या फाटकावर मी सात वर्षं बायांची झडती घेतली, त्यातून ते कळलं.

नवा जिल्हा झाला त्याच वर्षी मी तिथे लागले. मिलमध्ये धान वाळवायला, झाडलोट करायला, पोती शिवायला बाया असायच्या, आणि सुट्टी झाली की त्यांच्याबरोबर तांदूळही घरी जातो, असा मालकाला संशय होता. संशय खराच होता. पण बायांच्या अंगाला गड्यानं हात कसा लावायचा, म्हणून मला ठेवलं. मुन्शीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "देखो बाई, सगी बहन हो तो भी छोडना नहीं."

मी कोणाला सोडलं नाही. ओचा, कमरेची गाठ, डब्याचा तळ, सगळं बघायचे. एकीनं अंबाड्यात पुडी खोवली होती, तीही काढली. एकीच्या कडेवर तान्हं लेकरू होतं, त्याच्या टोपड्यात तांदूळ निघाला. खोटं कशाला बोलू, मला त्या कामाची मजा वाटायची. बाया रांगेनं यायच्या, माझ्यासमोर आल्या की आपोआप दोन्ही हात वर करायच्या, आणि मी स्टुलावरून उठायचे तेव्हा मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. कामठ्यात, आमच्या गावात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले, तर तिळगूळ घेताना मिलमधली एक बाई माझ्यासमोर दोन्ही हात वर करून उभी राहिली. सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन मोरीत बसून रडले आणि पुढच्या वर्षी कुठे गेलेच नाही.

माझा नवरा बसस्टँडजवळ सायकली दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "यमराज आला तं त्याचीबी झडती घेऊन आत सोडशील तू." मी त्याचे खिसे रोज संध्याकाळी तपासायचे. काही सापडेल म्हणून नव्हे. तो दारात आला की माझे हात आपोआप पुढे व्हायचे, आणि तोही सायकलचं ग्रीस लागलेले हात वर करून उभा राहायचा.

मग मिलमध्ये नवी यंत्रं आली, बाया कमी झाल्या, आणि ज्यांची झडती घ्यायची त्याच उरल्या नाहीत तर झडतीवालीचं काय काम? मी घरी बसले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. नोकरी होती तोवर ते दिवसभर विसरता यायचं.

अशात अंगणवाडीत एका संस्थेची ताई आली. आईबाप सांभाळू शकत नाहीत अशा लेकरांना बालगृहात ठेवण्याऐवजी घरात ठेवायची सरकारची योजना आहे, त्यासाठी घरं हवीत, असं तिनं सांगितलं. थोडं अनुदानही मिळतं म्हणाली. अनुदानाचं नाव निघताच बाया सावरून बसल्या आणि मी ताईकडे निरखून बघायला लागले. दुसऱ्याचं लेकरू कोणी फुकट देत नाही. यात हिचा फायदा काय, हे मला कळेना. मी तिला तसं विचारलंच. ती म्हणाली, "फायदा लेकराचा. आणि दत्तक नाही हं हे. लेकरू तुमचं होणार नाही. हे काम आहे. नीट केलं तर राहील, नाही तर आम्ही परत नेऊ."

काम आहे म्हणाली म्हणून मी नाव दिलं. लेकराच्या मायेनं दिलं असं सांगता आलं असतं तर बरं दिसलं असतं.

मग माझी झडती सुरू झाली. ताई दोनदा घरी आली. संडास बघितला, पिण्याचं पाणी बघितलं, नवरा दारू पितो का ते शेजारच्या म्हातारीला जाऊन विचारलं. ही म्हातारी एकटी राहायची, अंगणात उखळ होतं तिचं, आणि तोंडाची फटकळ. तिनं ताईला सांगितलं, "बुढा बेस हाय. बाईच शकी हाय." आणि तरी आमचं नाव पास झालं, यावरूनच मला वाटलं की त्यांना घरं मिळत नसावीत.

पोळा झाल्यावर मुलगी आली. नऊ वर्षांची, सालेकशाकडच्या जंगलातल्या एका गावची. बाप मेलेला, आई वीटभट्टीवर गेली ती परतलीच नाही. काही दिवस मामाकडे होती, मग मामानंच तिला बालगृहात आणून सोडलं. ताईनं तिला आम्हाला काका-काकी म्हणायला सांगितलं. तिनं मान हलवली आणि दोन दिवस कोणाला काहीच म्हटलं नाही.

ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिची पिशवी उघडली. दोन झगे, एक कंगवा, आणि कागदात बांधलेली, चुरा झालेली बिस्किटं. मी पिशवी होती तशी ठेवली. मनात म्हटलं, हिला साठवायची सवय दिसते, आणि जो साठवतो तो उचलतोही. सात वर्षांत मी हेच बघितलं होतं.

गावानंही आपलं काम केलं. "पोरगी नाही, मोलकरीण आणली," असं पाण्यावर बाया बोलायच्या, मला ऐकू जाईल इतक्या जोरात. म्हणून मी तिला केरसुणीला हात लावू देत नव्हते. ती भांडी घासायला बसली की मी हिसकून घ्यायचे. तिला त्याचा अर्थ काय वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

आता तांदळाचं सांगते. स्वयंपाकघरात आमची पत्र्याची कोठी होती. माझ्या बापाच्या खळ्यावर धानाची रास झाली की तिच्यावर राखेच्या रेघा ओढत, कोणी हात घातला तर रेघ मोडावी आणि कळावं म्हणून. मुलगी आल्यावर आठवड्याभरातच मला ते आठवलं. सकाळी भातापुरते तांदूळ काढले की कोठीतले तांदूळ ताटलीनं सारखे करायचे आणि मधोमध हात दाबायचा, पाचही बोटं पसरून. तांदळात पंजा उमटतो आणि चांगला टिकतो. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं की आधी पंजा बघायचा.

एकदा मागे वळले तर मुलगी चौकटीला टेकून बघत होती.

"काकी, हे का करून राहिल्या जी?"

तिनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. खरं काय सांगणार? मी म्हटलं, "आमच्या घरची रीत आहे. तांदळावर हात ठेवला की बरकत राहते."

तिनं मान डोलावली. मला बरं वाटलं, थाप पचली म्हणून.

दिवाळीपर्यंत पंजा एकदाही मोडला नाही. तरी माझा संशय काही गेला नाही, उलट ही फार हुशार आहे असं वाटायला लागलं. दरम्यान एके दिवशी जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "तांदूळ आता लवकर संपतो. आधी महिनाभर जायचा." सहज म्हटलं, तक्रार म्हणूनही नव्हे. मुलगी समोरच जेवत होती. तिनं त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. मी म्हटलं, पोट भरलं असेल.

धान कापणी झाली आणि ती शाळेतून उशिरा यायला लागली. कुठे होतीस विचारलं तर म्हणायची, "खेळून राहिली होती." पायांना चिखल, पोटऱ्यांवर ओरखडे. मी मनात नोंद घेत होते.

मग एका सकाळी झाकण काढलं आणि बघत राहिले. पंजा होता. पण माझा नव्हता. बोटं आखूड होती, तळवा लहान. मी त्याच्यावर माझा हात धरून बघितला. तो कुणाचा हे कळायला काही फाटकावर बसायची गरज नव्हती.

मी मूठभर तांदूळ उचलून दारात उजेडात नेले. आमचा तांदूळ मिलचा, पॉलिश केलेला, पांढराशुभ्र. त्यात लालसर दाणे मिसळलेले होते, कोंडा पुरता न गेलेले. हातसडीचा तांदूळ. तो आमच्या घरात कधी आलाच नव्हता. माझ्या डोक्यात सगळं एका झटक्यात जुळलं. चांगला तांदूळ ही बाहेर कोणाला तरी देते, कोठी रिकामी दिसू नये म्हणून तिथे हलका भरते, आणि वर आपला पंजा उमटवून ठेवते. नऊ वर्षांची पोर. मला राग आला, आणि रागाच्या तळाशी थोडा आनंदही होता, तो मी आज कबूल करते. मी चुकले नव्हते.

रविवारी मी गोंदियाला बाजाराला जाते असं सांगून निघाले आणि बसस्टँडवरूनच परत फिरले. नवरा दुकानात होता. मी मागच्या दारानं घरात शिरले. मुलगी कोठीपाशी उभी होती. झाकण खाली ठेवलेलं, आणि झग्याच्या ओच्यात तांदूळ.

"थांब," मी म्हटलं.

ती वळली. मला बघितलं, आणि मी काही म्हणायच्या आत तिनं दोन्ही हात वर केले. बालगृहात तिला हे करायला लावत की कुठे बघून शिकली, ते तेव्हा मला कळलं नाही. ओचा सुटला, तांदूळ जमिनीवर सांडला. मी तिच्यापाशी गेले आणि झडती घेतली. कंबर, काखा, वेण्यासुद्धा सोडून बघितल्या. मिलमधल्या बाया झडतीच्या वेळी वर बघायच्या, किंवा आपसात काही बोलायच्या. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कोणाला देतेस?" मी विचारलं.

तिनं हात आणखी ताठ केले.

"उद्या ताईला बोलावते. जा परत."

मी चौकातल्या एसटीडीवर जाऊन ताईला फोन केला. मला जमणार नाही, घेऊन जा, असं सांगितलं. ताई म्हणाली, उद्या येते. परत आले तर मुलीनं जमिनीवरचा तांदूळ दाणा दाणा वेचून ताटलीत ठेवला होता, आणि पिशवी भरून दारात बसली होती. दोन झगे, एक कंगवा.

थोड्या वेळानं शेजारची म्हातारी आली. हातात सूप, सुपात लालसर तांदूळ.

"पोरगी कुठी हाय? तिचा तांदूळ राहिला माह्याकडे."

"तिचा कसला तांदूळ?" मी म्हटलं.

"सरव्याचा. कापणी झालेल्या बांध्यांतून लोंब्या वेचून आणते ना ते. मले म्हणते, आजी, सडून दे. मी म्हटलं, कायले व? तं म्हणते, घरी नेतो." मग तिनं दारातली पिशवी बघितली. "हे का होय? कुठी चालली हे?"

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, सुटलेल्या वेण्या बघितल्या. तिला सगळं कळलं असावं. सूप माझ्या पुढ्यात आपटून म्हणाली, "बाहेर जाणारा तांदूळ तं बरोब्बर दिसते तुले. आत येणारा नाही दिसला?"

ती गेली. मी तिथेच खाली बसले. तेव्हा कुठे लक्षात आलं की त्या महिन्यात तांदूळ संपलाच नव्हता.

मुलीला विचारलं, "कशासाठी आणत होतीस?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मामाच्या घरचाबी तांदूळ असाच संपत होता. मंग मामानं मले सोडून देल्लं."

"आणि पंजा?"

"तुम्हीच म्हटल्या ना. हात ठेवला का बरकत राहते. तांदूळ टाकला का तुमचा हात मोडे, म्हून मी ठेवे."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण माझे हात पुढे झाले असते तर तिनं आपले वर केले असते. त्या भीतीनं मी हात मांडीखाली दाबून बसले. शरमेनं माणूस मरत नाही, एवढंच मला त्या दुपारी कळलं. नवरा आला, त्याला सगळं सांगितलं. तो काही चेष्टा करेल असं वाटलं होतं. त्यानं दारातली पिशवी उचलली, आत नेऊन खुंटीला टांगली आणि हात धुवायला गेला.

पण ताई तर दुसऱ्या दिवशी येणार होती. फोन परत करून येऊ नका म्हणता आलं असतं. रात्रभर तेच मनात घोळवलं, आणि सकाळी उठून चहा ठेवला. ताईनं मला हे काम म्हणून दिलं होतं, आणि कामात खोट निघाली तर ती लपवणाऱ्याला मी स्वतः कधी सोडलं नव्हतं.

ताई आली ती तोंड घट्ट मिटूनच. मुलगी इथेच राहू दे, असं मी तिला दारातच सांगितलं. आधी तिनं मुलीचे हात-पाय बघितले. पोटऱ्यांवरचे ओरखडे बघून मला विचारलं, "हे कशाचे?"

"धसकटांचे. सरवा वेचत होती."

"तुम्ही पाठवलंत?"

"नाही."

"मग कोणी? नऊ वर्षांची मुलगी आपल्या मनानं शेतात जाऊन धान वेचते, आणि घरच्यांना पत्ता नाही?" ती माझ्याकडे जसं बघत होती तसं मी सात वर्षं लोकांकडे बघितलं होतं. ती आणखी म्हणाली, "काल तुम्ही फोनवर घेऊन जा म्हणालात. आज ठेवायची म्हणता. यातलं काय धरू मी?"

मी सगळं सांगितलं. पिशवी उघडल्याचं, पंजाचं, बाजाराच्या थापेचं. झडती घेतली तेही. वेण्या सोडल्या तेही. ताई लिहून घेत होती. लिहिणं थांबवून ती मुलीकडे वळली आणि तिला अंगणात घेऊन गेली. नियम असा होता की लेकराशी एकटीनं बोलायचं. मी भिंतीआड उभं राहून ऐकलं. सवय अशी एका दिवसात जात नाही.

"काकीनं तुझी झडती घेतली?"

"हो जी."

"तुला भीती वाटली?"

"हो."

"मग चलतेस माझ्याबरोबर?"

मी भिंतीला कान टेकवला.

"काकी सगळ्यांचीच झडती घेते," मुलगी म्हणाली. "काकाचीबी रोज घेते. ते घरच्यांचीच घेते आता."

ताई आत आली तेव्हा तिचं तोंड तितकं घट्ट नव्हतं. तिनं तीन महिन्यांची मुदत लिहिली आणि दर पंधरवड्याला येऊन बघीन म्हणाली. आलीही, न सांगता, कधी सकाळी, कधी दुपारी. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मुलगी ठेवलीच नसती.

मी कोठीवर हात उमटवणं बंद केलं. चार दिवसांनी मुलीनं विचारलं, "काकी, आता हात काऊन नाही ठेवत जी?" तिला खरं सांगायची ती वेळ होती. माझी जीभ उचलली नाही. मी म्हटलं, "आता तू ठेवत जा." त्या दिवसापासून ते काम तिचं झालं. भांडी घासायलाही मी तिला बसू दिलं, मग पाण्यावर बाया काही म्हणोत. दरवर्षी तिचा पंजा मोठा होत गेला, आणि सकाळी झाकण काढल्यावर तो बघायची माझी सवय सुटली नाही. बघायचं कारण मात्र पार वेगळं झालं होतं.

तिची आई आली नाही. अठरा पूर्ण झाल्यावर योजनेचा कागद संपला, ताईनं शेवटची सही घेतली आणि म्हणाली, "तुमचं काम संपलं." मुलगी तेव्हा नर्सिंगच्या फॉर्मवर डोकं खुपसून बसली होती, तिनं वर बघितलंही नाही. संध्याकाळी कोठी सारखी करून तिनं हात दाबला तो नेहमीसारखाच.

आता ती तिरोड्याला असते, दवाखान्यात कामाला. नवरा बोदलकसाकडचा, बरा वाटतो. अजून पूर्ण खात्री नाही. मागच्या वेळी गेले तेव्हा भात टाकते म्हणून मी तिच्या कोठीचं झाकण काढलं. तांदळावर पंजा होता, स्वच्छ, पाचही बोटं. तिची सासू मागे उभी होती. मला म्हणाली, "सुनबाई रोज ठेवते. मी विचारलं, हे का व? तं म्हणे, माह्या माहेरची रीत होय."

माहेरची. तांदळाचं माप हातात धरून मी तिथेच उभी राहिले.

मुलगी चुलीपाशी कांदा चिरत होती. तिनं ऐकलं असणारच. तिनं डोळे पुसले, कांद्यानंही असेल, आणि माझ्याकडे बघून हसली. ती रीत कशाची होती हे तिला केव्हाच कळलं असावं, असा मला संशय आहे. मी विचारलं नाही. तांदूळ काढले, ताटलीनं सारखे केले, आणि तिला हाक मारली, "ये, हात ठेव."